धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम : दशमांशाच्या पलीकडचें दान

कोणत्याहि धर्मग्रामाचा इतिहास वाचूं लागलें म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. चर्चच्या भिंती, वेदी, घंटा, शाळेची इमारत, दफनभूमीचें कुंपण ह्यांतील प्रत्येक वस्तु कोणी तरी आपल्या मिळकतींतून काढून दिलेली असते. ज्यांचीं नांवें संगमरवरी पाटीवर कोरलीं गेलीं, त्यांच्यापेक्षां ज्यांचीं नांवें कोठेंच लिहिलेलीं नाहींत अशांचें देणें बहुधा अधिक असतें. ज्युबिलीच्या ह्या शुभप्रसंगीं आपण परमेश्वराचे उपकार स्मरतों. तेव्हां देणें म्हणजे काय, किती द्यावें, कोणाला द्यावें व कोणत्या मनानें द्यावें, ह्याचाहि विचार आपण करणें उचित होय.

ह्या विषयावर आमच्या मंडळींत दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, दहावा भाग देण्याचा नियम जुन्या कराराबरोबरच संपला. आतां मिस्सेच्या वेळीं पिशवींत एक नाणें टाकलें म्हणजे झालें. दुसरे कोणी म्हणतात, आम्हीं आमचा वांटा नियमानें दिला, आमचा हिशेब चुकता झाला. आतां आमच्या दाराशीं कोणी येऊं नये. दोन्ही मतांत थोडें सत्य व पुष्कळ चूक आहे. परंतु वादानें जें पटत नाहीं तें पुण्यपुरुषाच्या चरित्रानें पटतें, असा आमचा अनुभव आहे. म्हणून धर्मगुरु नव्हे, संन्यासी नव्हे, तर पगारावर संसार करणारा, बायकामुलांत रमणारा असा एक पुरुष आम्हीं निवडला आहे. ते म्हणजे धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम. मुंबई व वसई भागांतील अनेक धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे बंधु गरिबांच्या घरीं जात असतात. त्यांच्यामुळें हें नांव पुष्कळांच्या कानांवर आहे, पण त्या नांवामागचें आयुष्य थोड्यांनाच ठाऊक आहे.

चरित्राकडे वळण्यापूर्वी दशमांशाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ही चाल फार प्राचीन आहे. अब्राहामानें युद्धांतून परत येतांना मलकीसदेक ह्या याजकाला सर्व वस्तूंचा दहावा भाग दिला, असें उत्पत्तीच्या पुस्तकांत सांगितलें आहे. पुढें मोशेच्या नियमशास्त्रानें धान्य, फळें व गुरेंढोरें ह्यांचा दहावा भाग परमेश्वराचा ठरविला. इस्राएलाच्या इतर वंशांना जमीन वांटून मिळाली, परंतु मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला जमिनीचा वांटा मिळाला नाहीं. त्यांचा चरितार्थ ह्या दशमांशावर चाले. शिवाय दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गांवांतच सांठवून त्यांतून लेवी, परदेशी, अनाथ व विधवा ह्यांना पोटभर जेवूं घालावें, अशी आज्ञा होती. म्हणजे दशमांशाला आरंभापासूनच दोन डोळे होते. एक वेदीकडे पाहणारा व दुसरा गरिबाच्या चुलीकडे पाहणारा.

प्रभु येशूनें दशमांश देणाऱ्यांना देण्याबद्दल दोष दिला नाहीं. परंतु पुदिना, शेपू व जिरें ह्यांचासुद्धां काटेकोर दहावा भाग मोजणारे परूशी न्याय, दया व विश्वास ह्या मोठ्या गोष्टी विसरले, ह्याबद्दल त्यानें त्यांची कडक कानउघाडणी केली. मंदिराच्या पेटींत दोन टोल्या टाकणारी विधवा त्यानें शिष्यांना दाखविली, ती तिनें दहावा भाग भरला म्हणून नव्हे, तर आपली सारी उपजीविका दिली म्हणून. आज ख्रिस्तसभेच्या कायद्यानें दहावा भाग असा ठराविक आंकडा घातलेला नाहीं. मात्र ख्रिस्तसभेच्या गरजा भागविण्यास प्रत्येकानें ऐपतीप्रमाणें साह्य करावें व आपल्या मिळकतींतून गरिबांना मदत करावी, हें कर्तव्य कायम आहे. आंकडा गेला, कर्तव्य गेलें नाहीं.

फ्रान्स देशांत हा आंकडा कसा गेला, हें पाहण्यासारखें आहे. तेथें इ. स. ७७९ मध्यें शार्लमेन राजाच्या फर्मानानें दशमांश हा राज्याचा कायदाच झाला होता. सुमारें हजार वर्षें तो चालला. पण जें प्रीतीनें द्यावयाचें तें सक्तीनें वसूल होऊं लागलें, आणि पुष्कळ ठिकाणीं वसुलाचा मोठा भाग गांवच्या धर्मगुरूस किंवा गरिबांस न पोंचतां भलत्याच धनवानांच्या हातीं जाऊं लागला. शेतकऱ्याच्या मनांत दशमांश ह्या शब्दाविषयीं कडवटपणा भरला. अखेर इ. स. १७८९ च्या ऑगस्ट महिन्यांत राज्यक्रांतीच्या सभेनें तो रद्द केला. कायद्याचा दशमांश मेला. आतां त्या देशांत कोणी दहावा भाग देणार असेल, तर तो केवळ स्वतःच्या अंतःकरणाच्या आज्ञेनेंच देणार होता. अशा काळीं, त्यानंतर २४ वर्षांनीं, आमच्या चरित्रनायकाचा जन्म झाला.

फ्रेडरिक ओझानाम २३ एप्रिल १८१३ रोजीं इटलींतील मिलान शहरीं जन्मले. मिलान तेव्हां नेपोलियनच्या अमलाखालीं होतें. वडील पूर्वीं सैन्यांत असून पुढें वैद्यकी शिकून डॉक्टर झाले होते. आई लियों शहरच्या एका रेशमाच्या व्यापाऱ्याची कन्या होती. इ. स. १८१६ मध्यें हें फ्रेंच कुटुंब लियोंस परत आलें. ह्या दांपत्याला चौदा अपत्यें झालीं, परंतु त्यांतील बहुतेक लहानपणींच देवाघरीं गेलीं. घरांत संपत्ति नव्हती, पण गरिबांना कधीं दार बंद नव्हतें. डॉक्टरसाहेब कित्येक रोग्यांना पैसे न घेतां औषधपाणी करीत, व बाईहि गरिबांच्या घरीं जाऊन शुश्रूषा करीत.

ह्या मातापित्यांची एक गोष्ट सांगतात. वय झाल्यावर उंच इमारतींचे जिने चढणें दोघांनाहि जड जाऊं लागलें. म्हणून चवथ्या मजल्याच्या वर कोणीं जाऊं नये, असें पतीनें पत्नीकडून व पत्नीनें पतीकडून वचन घेतलें. परंतु सर्वांत गरीब लोक सर्वांत वरच्या मजल्यावर राहत. एके दिवशीं डॉक्टरसाहेब वचन मोडून चोरून वर गेले, तों माडीच्या दाराशीं त्यांची पत्नी समोर उभी! दोघांनींहि एकाच पुण्यासाठीं एकच वचन मोडलें होतें. पुढें इ. स. १८३७ मध्यें एका गरीब रोग्याला पाहावयास गेले असतां जिन्यावरून पडूनच डॉक्टरसाहेबांना मृत्यु आला. देणें म्हणजे जिना चढणें, हा धडा फ्रेडरिकनें पुस्तकांतून घेतला नाहीं. तो त्याला घरींच मिळाला.

मुलगा बुद्धीनें तल्लख होता, पण तारुण्याच्या उंबरठ्यावर त्याच्या मनाला संशयानें ग्रासलें. आजूबाजूला धर्माची थट्टा होत असे. देव आहे काय, ख्रिस्तसभा खरी काय, अशा प्रश्नांनीं त्याची झोंप उडाली. तेव्हां न्वारो नांवाच्या विद्वान धर्मगुरूंनीं, जे त्याचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक होते, त्याला हाताशीं धरलें. त्यांच्याबरोबर दूरदूर फिरावयास जातां जातां व बोलतां बोलतां त्याच्या मनाचें धुकें विरलें. सत्य सांपडलें तर आयुष्य त्याच्याच सेवेंत घालवीन, असा त्यानें देवापाशीं निश्चय केला होता. तो निश्चय त्यानें अखेरपर्यंत पाळला.

इ. स. १८३१ मध्यें कायद्याच्या अभ्यासासाठीं तो पॅरिसला आला. विजेच्या शास्त्रांतील थोर संशोधक आंपेर ह्यांच्या घरीं त्याची राहण्याची सोय झाली. एवढा मोठा शास्त्रज्ञ चर्चच्या कोपऱ्यांत गुडघे टेकून जपमाळ म्हणत आहे, हें दृश्य पाहून त्या तरुणाची श्रद्धा अधिकच दृढ झाली. पण शहराची स्थिति भयंकर होती. इ. स. १८३२ मध्यें पॅरिसांत पटकीची सांथ येऊन हजारों माणसें मेलीं. गिरण्या व कारखाने ह्यांच्या आशेनें खेड्यापाड्यांतून आलेले मजूर कुबट खोल्यांत दाटीवाटीनें राहत. महाविद्यालयांत ख्रिस्ती धर्म म्हणजे मेलेला धर्म, असें उघड बोललें जाई.

कांहीं कॅथॉलिक विद्यार्थी व त्यांचे विरोधक एका इतिहासमंडळांत वाद करीत. फ्रेडरिक धर्माच्या बाजूनें मोठ्या आवेशानें बोले. ख्रिस्ती धर्मानें गतकाळांत काय काय केलें, त्याचीं उदाहरणें देई. एके दिवशीं विरोधी पक्षाच्या एका तरुणानें त्याला अडविलें. पूर्वीं तुमच्या धर्मानें मोठीं कामें केलीं हें खरें. पण आज तुम्ही स्वतः काय करितां, तुमच्या श्रद्धेचें फळ आम्हांला कोठें दिसतें, असा त्याच्या बोलण्याचा रोंख होता. हा टोला वर्मीं बसला. फ्रेडरिक रागावला नाहीं, कारण बोलणें खरें होतें. ज्यानें पुष्कळ पुरावे दिले होते त्याच्यापाशीं एक पुरावा नव्हता. तो म्हणजे स्वतःच्या हातचें दान.

तो आपल्या ल तायांदिये नांवाच्या मित्रासह निघाला, व हिवाळ्यासाठीं घेतलेल्या जळाऊ लाकडांपैकीं जीं उरलीं होतीं तीं दोघांनीं एका गरिबाच्या घरीं नेऊन दिलीं. जगभर पसरलेल्या त्या संस्थेचें पहिलें दान इतकें साधें होतें. पुढें २३ एप्रिल १८३३ रोजीं, फ्रेडरिकच्या विसाव्या वाढदिवशीं, सहा विद्यार्थी व एमान्युएल बाय्यी नांवाचे एक वयस्क संपादक असे सात जण बाय्यी ह्यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरींत जमले. त्यांनीं वाद करण्याचें सोडून गरिबांच्या घरीं जाण्याचें ठरविलें. थोड्याच काळांत त्यांनीं संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांना आपले आश्रयदाते मानलें व त्यांचें नांव मंडळास दिलें.

पण द्यावें कसें, हें त्या तरुणांना कोठें येत होतें? त्यासाठीं ते सिस्टर रोझाली रांद्यू ह्यांच्याकडे गेले. संत व्हिन्सेंट ह्यांनींच स्थापिलेल्या भगिनीसंघांतील ही साध्वी पॅरिसच्या मूफतार ह्या अत्यंत गरीब वस्तींत कित्येक वर्षें राबत होती. तिनें त्यांना कुटुंबांचीं नांवें दिलीं, भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या, व दुःखितांशीं कसें बोलावें, त्यांचें कसें ऐकून घ्यावें, हेंहि शिकविलें. इ. स. २००३ मध्यें ख्रिस्तसभेनें तिलाहि धन्यवादित म्हणून घोषित केलें आहे.

फ्रेडरिकच्या वांट्याला आलेलें पहिलें कुटुंब अत्यंत विपन्न होतें. पांच मुलांची आई मोलमजुरी करी, आणि दारुड्या पुरुष तिची सारी कमाई हिसकावून गुत्त्यांत घालवी व तिला मारझोड करी. भाकरीची चिठ्ठी देऊन तो तरुण परत आला असता, तर कोणीं त्याला दोष दिला नसता. परंतु त्यानें बसून सर्व हकीकत ऐकून घेतली, कायद्याचा विद्यार्थी म्हणून कागदपत्रांचा शोध केला, व त्या दोघांचा विवाह मुळांत कायदेशीर झालाच नव्हता असें त्याला आढळून आलें. मग त्यानें त्या बाईची सुटका केली, वर्गणी जमवून तिला धाकट्या लेंकरांसह ब्रिटनी प्रांतांत तिच्या आईकडे पाठविलें, व थोरल्या दोन मुलांना बाय्यी ह्यांच्या छापखान्यांत काम शिकावयास लावलें. वाचकहो, येथें पैसा किती लागला ह्यापेक्षां वेळ, विद्या व काळजी किती लागली, हें पाहा. आपल्याजवळच्या ज्ञानाचा, आपल्या दिवसांतील तासांचा दशमांश देण्याची कल्पना आपल्या मनांत कितीदां येते?

मंडळाच्या सभेची पद्धतहि मनन करण्यासारखी आहे. प्रारंभीं प्रार्थना व धर्मग्रंथाचें वाचन. मग ज्यानें त्यानें आपण भेटलेल्या कुटुंबांची हकीकत सांगावयाची. शेवटीं एक पिशवी हातोहात फिरवावयाची. कोण किती टाकतो तें शेजाऱ्यासहि कळूं नये, अशी त्यांत योजना होती. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला मिरवितां येऊं नये, आणि ज्याच्याजवळ थोडें आहे त्यानें लाजूं नये. पण पैसे टाकले म्हणजे सभासदाचें काम संपलें, असें मात्र नव्हतें. प्रत्येकानें स्वतः गरिबाच्या घरीं जाणें हा त्या मंडळाचा प्राण होता. फ्रेडरिक गरिबाच्या दारांत शिरतांना टोपी काढी, अदबीनें बसे, व घरच्यांची विचारपूस करी. गरिबांत ख्रिस्ताचें दर्शन होतें, म्हणून देणाराच घेणाऱ्याचा ऋणी आहे, अशी त्याची धारणा होती.

बीज लहान होतें, पण भूमि सुपीक निघाली. इ. स. १८३४ अखेर सभासदांची संख्या शंभराच्या घरांत गेली, व मंडळाचे भाग करावे लागले. ह्या विभागणीचें कित्येकांना फार दुःख झालें, कारण सारे मित्र होते. पण मैत्री जपण्यापेक्षां अधिक गरिबांपर्यंत पोंचणें महत्त्वाचें, हें त्यांनीं मान्य केलें. संस्थापकाच्या हयातींतच ही सोसायटी इटली, बेल्जियम, इंग्लंड, आयर्लंड व अमेरिका येथवर गेली. आज ती दीडशेच्या आसपास देशांत कार्य करीत आहे.

ओझानाम ह्यांच्या विद्वत्तेची कीर्तीहि वाढत होती. त्यांनीं कायद्याची व नंतर साहित्याची अशा दोन्ही डॉक्टर पदव्या मिळविल्या. दांते ह्या इटालियन महाकवीवरील त्यांचा ग्रंथ नांवाजला गेला. लियोंस व्यापारी कायद्याचे अध्यापक झाल्यावर ते पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठांत परदेशी साहित्य शिकवूं लागले, व इ. स. १८४४ मध्यें तेथील मुख्य अध्यापकाची जागा त्यांना मिळाली. २३ जून १८४१ रोजीं लियों येथें अमेली सूलाक्र्वा ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. इ. स. १८४५ मध्यें त्यांना एकुलती एक कन्या झाली. तिचें नांव मारी ठेविलें. पत्नीवर व मुलीवर त्यांचा अत्यंत जीव होता.

आतां घर होतें, घरभाडें होतें, पुस्तकांचा खर्च होता, मुलीचें भवितव्य होतें. आपल्यापैकीं पुष्कळांचें देणें ह्याच टप्प्यावर आटतें. विद्यार्थिदशेंत उदार असणें सोपें. संसारांत उदार राहणें कठीण. ओझानाम ह्यांनीं ह्यावर एक साधा उपाय योजिला. वर्षाच्या आरंभीं घरखर्चाचा अंदाज करितांनाच ते निदान दहावा भाग गरिबांसाठीं बाजूला काढीत. उरलें तर देऊं, असा त्यांचा हिशेब नव्हता. कारण उरत कधींच नाहीं, हें प्रत्येक गृहस्थास ठाऊक आहे. जो दशमांश त्यांच्या देशाच्या कायद्यानें टाकून दिला होता, तो ह्या गृहस्थानें कोणीं न मागतां आपल्या घरांत पुन्हां सुरू केला. शेतकरी नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या वेदीपुढें आणितो, तो पीक मळून, विकून, कर्ज फेडून झाल्यावर नव्हे. सर्वांच्या आधीं आणितो. ओझानाम ह्यांचा दहावा भाग तसाच पहिल्या पिकाचा होता.

परंतु हा दशमांश म्हणजे त्यांच्या दानाचा पाया होता, छप्पर नव्हतें. त्यांच्या आयुष्याच्या उत्तरकाळांतील एका नववर्षदिनाची गोष्ट चरित्रकार सांगतात. फ्रान्समध्यें वर्षाच्या पहिल्या दिवशीं आप्तेष्टांना भेटी देण्याची रीत आहे. त्या दिवशीं सकाळीं ओझानाम ह्यांना एका कुटुंबाची आठवण झाली. पूर्वीं बऱ्या स्थितींत असलेल्या त्या लोकांवर गरिबी आली होती, आणि गतवैभवाची शेवटची खूण असें एक खणांचें कपाटहि त्यांना गहाण ठेवावें लागलें होतें. तें सोडवून नववर्षाची भेट म्हणून त्यांना द्यावें, असें ओझानाम ह्यांना वाटलें. अमेलीबाईंनीं कांहीं व्यवहारी कारणें पुढें केलीं. तीं वाजवीच होतीं, म्हणून त्यांनीं तो विचार सोडून दिला.

संध्याकाळीं भेटीगांठी आटोपून ते घरीं आले. मुलीच्या पुढें खेळण्यांचा ढीग पडला होता. कोणी मिठाईचें तबक त्यांच्यापुढें केलें. त्यांनीं त्याला हात लावला नाहीं. चेहरा उदास होता. कारण विचारतां त्यांनीं सांगितलें कीं, आपल्या मुलीच्या निरुपयोगी खेळण्यांवर इतका पैसा गेला, आणि तें कपाट मात्र सुटलें नाहीं, हा विचार मनांतून जात नाहीं. अमेलीबाईंनीं तत्काळ आपला आग्रह मागें घेतला व जें मनांत आहे तें करावें, अशी त्यांनाच विनंती केली. ओझानाम त्याच वेळीं बाहेर पडले, कपाट सोडवून त्या कुटुंबाच्या घरीं पोंचतें केलें, आणि अत्यंत आनंदानें परत आले.

ह्या लहानशा गोष्टींत आमच्या साऱ्या विषयाचें सार आलें आहे, असें आम्हांस वाटतें. दहावा भाग देणाऱ्या माणसाला आपला हिशेब पुरा झाला, असें म्हणण्याचा जर कोणाला अधिकार असेल, तर तो ओझानाम ह्यांना होता. नियमानें त्यांच्याकडे कांहींच बाकी नव्हती. पण प्रीतीच्या वहींत बाकी निघतच राहते. शिवाय हेंहि पाहा कीं, त्या कुटुंबाला त्यांनीं धान्य दिलें नाहीं; त्यांची अब्रू परत आणून दिली. गरिबाला भुकेबरोबर मान असतो, हें ज्याला कळत नाहीं त्याचें दान घेणाऱ्याला बोंचतें.

त्यांच्या हातून कठोरपणाहि एकदां घडला. ज्याला त्यांनीं अनेकदां मदत केली व ओळखीच्या ठिकाणीं कामाला लावलें, त्या एका परदेशी इसमानें विश्वासघात करून चोरी केली होती. कांहीं काळानें तो पुन्हां मदत मागावयास आला. ओझानाम ह्यांनीं त्याला कठोर शब्दांत घालवून दिलें. पण तो जातांच त्यांच्या मनाला टोंचणी लागली. माणसाला निराशेच्या कड्यावर लोटूं नये. उद्यां आपल्यालाहि देवाच्या दयेची गरज पडेल, तेव्हां तो आपल्याशीं असाच कठोर वागला तर? ते टोपी घेऊन तसेच धांवत सुटले, व बागेंत त्या माणसाला गांठून त्यांनीं त्याला मदत दिली. पात्र कोण व अपात्र कोण, ह्याची चौकशी करणें गैर नव्हे. ओझानाम स्वतः ती करीत. पण पात्रतेचा कांटा आपल्यालाहि लावला जाणार आहे, हें ते विसरत नसत.

तथापि त्यांचें दान केवळ दयेवर थांबणारें नव्हतें. परूशी दशमांश देऊन न्याय विसरले, ही प्रभूची तक्रार त्यांच्या ध्यानांत होती. इ. स. १८४० मध्यें लियों येथें कायदा शिकवितांनाच त्यांनीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, मजुराला मिळणाऱ्या वेतनांतून त्याचा निर्वाह, मुलांचें संगोपन व म्हातारपणाची तरतूद झाली पाहिजे. पोप तेरावे लिओ ह्यांचें मजुरांच्या स्थितीवरील प्रसिद्ध परिपत्रक इ. स. १८९१ मध्यें निघालें. त्याच्या अर्ध्या शतकापूर्वीचा हा विचार आहे. दयाळू शोमरोनी जखमांवर तेल ओततो हें ठीक. पण वाटसरूवर हल्लाच होऊं नये हें पाहणें न्यायाचें काम आहे, असें ते मानीत. जो धनी नोकराचें वाजवी वेतन बुडवितो व नाताळांत गरिबांना कपडे वांटतो, त्याच्या दानाला ओझानाम ह्यांनीं दान म्हटलें नसतें.

इ. स. १८४८ मध्यें फ्रान्समध्यें पुन्हां क्रांति झाली. ओझानाम ह्यांनीं धर्मगुरु लाकोर्देर ह्यांच्यासह नवें वर्तमानपत्र काढून त्यांत मजुरांची बाजू मांडली. त्याबद्दल अनेक प्रतिष्ठित कॅथॉलिकांचा रोष त्यांनीं पत्करला. जूनमध्यें पॅरिसच्या रस्त्यांत सैन्य व मजूर ह्यांच्यांत रक्तपात सुरू झाला, तेव्हां दोन मित्रांसह ते महागुरु आफ्र ह्यांच्याकडे गेले, व आपण मध्यें पडून शांति करावी अशी त्यांनीं विनंती केली. महागुरूंनीं तें मान्य केलें, ते मोर्च्यावर गेले, व तेथें गोळी लागून त्यांचा अंत झाला. मेंढपाळानें मेंढरांसाठीं प्राण दिला. ओझानाम ह्यांच्या मनावर ह्या घटनेचा खोल परिणाम झाला. पुढच्या वर्षीं पुन्हां पटकी आली, तेव्हां सोसायटीचे सभासद रोग्यांच्या शुश्रूषेला धांवले.

अतिश्रमानें ओझानाम ह्यांची प्रकृति ढांसळली. मूत्रपिंडाच्या विकारानें त्यांना ग्रासलें. हवापालटासाठीं ते इटलींत गेले, तरी पिसा व लिव्होर्नो येथें आजारी असतांहि सोसायटीच्या शाखांसाठीं झटत राहिले. चाळिसाव्या वाढदिवशीं, २३ एप्रिल १८५३ रोजीं, त्यांनीं आपलें मृत्युपत्र लिहिलें. तरुण पत्नी, लहान मुलगी, अपुरे राहिलेले ग्रंथ, हें सर्व त्यांनीं देवाच्या हातीं सोंपविलें. ज्यानें आयुष्यभर थोडें थोडें दिलें, त्याला शेवटीं सर्वच द्यावें लागलें, आणि तेंहि त्यानें कुरकुर न करितां दिलें. ८ सप्टेंबर १८५३ रोजीं, पवित्र मरीयेच्या जन्मदिनाच्या सणीं, मार्से येथें त्यांनीं देह ठेविला. पॅरिस येथील कार्मेलाइट मठाच्या चर्चच्या तळघरांत त्यांची समाधि आहे. २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरांत त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केलें.

ह्या चरित्रावरून आमच्या मंडळींतील त्या दोन मतांचें उत्तर मिळतें. जो म्हणतो कीं दशमांशाचा कायदा संपला, त्याला ओझानाम ह्यांचें जमाखर्चाचें पान दाखवावें. कायदा संपला होता म्हणूनच त्यांचें देणें पूर्णपणें स्वेच्छेचें झालें. आणि जो म्हणतो कीं माझा वांटा दिला, आतां मी मोकळा, त्याला तें गहाण पडलेलें कपाट दाखवावें. दहावा भाग ही शिस्त आहे. ती आपल्या आळशी हाताला वळण लावते, मिळकत आपली नसून देवाची आहे ह्याची दरसाल आठवण देते. परंतु उरलेले नऊ भाग आपल्याला माफ झाले, असा तिचा अर्थ नाहीं. दहावा भाग देतांना आपण कबूल करितों कीं दहाहि भाग त्याचेच आहेत.

आमच्या घराघरांतून ह्याचा आरंभ अगदीं लहानशा रीतीनें होऊं शकेल. महिन्याचा पगार हातीं पडतांच, पीक घरीं येतांच, ऐपतीप्रमाणें एक भाग बाजूला काढावा. थोडा कां होईना, पण पहिला. त्यांतील कांहीं चर्चच्या कार्याकरितां, कांहीं गरिबांकरितां ठेवावा. तो कोणाला न सांगतां द्यावा. मुलांच्या हातून द्यावा, म्हणजे त्यांना वळण लागेल. आणि शक्य असेल तेथें पैसा पाठवून न थांबतां स्वतः जावें. आपल्या वाड्यांतील अंथरुणाला खिळलेला म्हातारा, नवरा गमावलेली बाई, परगांवाहून कामासाठीं आलेलें कुटुंब, ह्यांच्या दारापर्यंतच्या पायऱ्या फार नाहींत. जो कांहीं देऊं शकत नाहीं असें म्हणतो, त्याच्याजवळहि घटकाभर वेळ असतो, व ऐकून घेणारा कान असतो.

आमच्या पूर्वजांनीं दिलें म्हणून आज आम्हांस उपासनेला मंदिर आहे. आमच्यामागून येणाऱ्यांनीं आमच्याविषयींहि तसेंच म्हणावें, अशी आमची इच्छा असेल, तर नुसत्या भिंतींनीं तें होणार नाहीं. ह्या धर्मग्रामांत कोणी उपाशी निजत नाहीं व कोणी एकटा रडत नाहीं, असें झालें पाहिजे. तोच आमच्या ज्युबिलीचा खरा दशमांश होय. धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम ह्यांच्या मध्यस्थीनें प्रभु येशू ख्रिस्त आम्हां सर्वांस उघडा हात व आनंदी अंतःकरण देवो, हीच त्याच्या चरणीं आमची नम्र प्रार्थना. आमेन.